बोट पारखताना



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी विषय विचारण्यासाठी फोन केला, तेव्हा आमचे उत्तर ऐकून ते क्षणभर गप्पच झाले. कामगार चळवळीतला माणूस. तो बोनसवर बोलेल, कंत्राटी पद्धतीवर बोलेल, फार तर नव्या कामगार संहितांवर बोलेल, अशी त्यांची समजूत असणार. आम्ही म्हणालो, "समुद्रात बुड्या मारायला जाणाऱ्या हौशी मंडळींनी राहण्याची बोट कशी निवडावी, यावर बोलतो." तेव्हा ते म्हणाले, "विषय सुट्टीच्या दिवसांना साजेसा आहे खरा, पण तुमचा त्याच्याशी संबंध काय?" या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठीच आम्ही आज आपल्यापुढे उभे आहोत.

प्रथम एक गोष्ट कबूल करून टाकतो. आम्ही जन्मात कधी टाकी पाठीला बांधून पाण्याखाली गेलेलो नाही. आमचे पोहणे गावच्या विहिरीतले. परंतु बंदरातल्या बार्जांवर, टगांवर, लाँचांवर काम करणाऱ्या खलाशांची गाऱ्हाणी ऐकण्यात आणि ती वेशीवर टांगण्यात आमची तीस वर्षे गेली. शाळा लवकर सुटली. इंग्रजी आम्ही शिकलो ते अपघातांच्या चौकशी अहवालांतून, शब्दकोश शेजारी ठेवून. त्यामुळे पाण्याखालच्या सौंदर्याविषयी आम्हाला काही विचारू नका. पण बोट, तिच्यावरची माणसे आणि ती बुडते किंवा जळते ती का, याविषयी आमचा थोडा अभ्यास झाला आहे.

झाले असे की, आमच्या एका जुन्या सहकाऱ्याची मुलगी गेल्या काही वर्षांत या छंदाला लागली. मालवणला पहिल्यांदा पाण्याखाली गेली, पुढे अंदमानला जाऊन रीतसर शिकली, आणि मग इजिप्तच्या तांबड्या समुद्रात आठवडाभर बोटीवर राहून बुड्या मारण्याचा बेत तिने केला. एके दिवशी तीन बोटींची माहितीपत्रके घेऊन ती आमच्याकडे आली आणि म्हणाली, "काका, तुम्ही बोटीवाल्यांचे पुढारी. यातली कोणती घेऊ?"

ज्यांना ही कल्पना नवी असेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. १९४३ साली फ्रान्समध्ये झाक-ईव्ह कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी दाबलेली हवा श्वासागणिक पुरवणारे उपकरण सिद्ध केले, आणि तेव्हापासून सामान्य माणसाला माशासारखे पाण्याखाली हिंडता येऊ लागले. किनाऱ्याजवळची प्रवाळे बघून झाली की हौस वाढते. तांबड्या समुद्रातली ब्रदर्स नावाची दोन बेटे किनाऱ्यापासून साठ-एक किलोमीटर आत आहेत. डीडॅलसचे प्रवाळ त्याहूनही लांब. रोज जाऊन येणे परवडत नाही. म्हणून बोटीवरच राहायचे, बोटीवरच जेवायचे, रात्री झोपेत बोट एका जागेहून दुसऱ्या जागी जायची आणि दिवसातून तीन-चार वेळा पाण्यात उतरायचे, अशी पद्धत पडली. हिला लिव्हअबोर्ड म्हणतात. आपण राहती बोट म्हणू.

त्या तिन्ही माहितीपत्रकांवर पलंगाच्या चादरींची छायाचित्रे होती, जेवणाच्या मेजाची होती, वरच्या मजल्यावरच्या गरम पाण्याच्या हौदाचीही होती. शार्क माशाची तर प्रत्येकावर. फक्त एक गोष्ट कोठेच नव्हती. एकाही कागदावर बोट चालवणाऱ्या माणसांचा उल्लेख नव्हता. ती किती, कोण, कधी झोपतात आणि कोठे झोपतात, याविषयी अवाक्षर नव्हते. जणू काय ती बोट चादरींवरच चालत होती!

श्रोतेहो, ज्या समुद्राकडे ही मुलगी निघाली होती त्याचे आणि आपल्या मुंबईचे नाते जुने आहे. 'कार्नाटिक' नावाची पी. अँड ओ. कंपनीची आगबोट सप्टेंबर १८६९ मध्ये सुएझहून मुंबईला यायला निघाली. सुएझचा कालवा अजून खुला व्हायचा होता. तो त्याच वर्षी नोव्हेंबरात झाला. १३ सप्टेंबरच्या मध्यरात्रीनंतर अबू नुहास नावाच्या प्रवाळावर ती चढली. बेट जवळ होते, होड्या होत्या, समुद्र शांत होता. प्रवाशांनी उतरवण्याची विनंती केली. कप्तानाचा विश्वास असा की, बोट टिकेल आणि कंपनीची दुसरी बोट येऊन आपल्याला सोडवील. दीड दिवसाच्या आसपास लोक तिच्यावर बसून राहिले. अखेर उतरायला सुरुवात झाली आणि तेवढ्यात बोटीचे दोन तुकडे झाले. ३१ माणसे बुडाली. आज राहत्या बोटी याच जागी नांगर टाकतात आणि प्रवासी त्या सांगाड्याभोवती पोहून वर येतात. पण तो सांगाडा बघताना एवढे ध्यानात ठेवले पाहिजे की, तेथली माणसे वादळाने मेली नाहीत. सर्व काही ठीक आहे असे ज्याने सांगितले, त्याच्यावर विसंबून राहिल्यामुळे ती मेली.

तेव्हा आम्ही त्या मुलीला म्हटले, "चादरी राहू देत. आपण या तिघांनाही काही प्रश्न पाठवू. जो सरळ उत्तर देईल त्याच्या बोटीवर जा." ते प्रश्न आणि त्यांच्यामागची कारणे आपल्यापुढे ठेवतो.

पहिला प्रश्न असा : रात्री दोन वाजता या बोटीवर कोण जागे असते?

अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ सांताक्रूझ नावाचे बेट आहे. २ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे तेथे 'कन्सेप्शन' नावाची अशीच एक बोट नांगरून पडली होती. तीवर ३३ प्रवासी आणि ६ कर्मचारी होते. प्रवासी तळमजल्यावरच्या एकाच मोठ्या खोलीत, एकावर एक फळ्यांच्या बिछान्यांवर झोपले होते. तीनच्या सुमारास वरच्या दिवाणखान्यात आग लागली. वर झोपलेले पाच कर्मचारी जागे झाले तोवर खाली जायचा रस्ता उरला नव्हता. ३३ प्रवासी आणि त्यांच्याबरोबर खाली झोपलेली एक कर्मचारी, अशी ३४ माणसे गेली. आगीची ठिणगी नेमकी कोठून उडाली हे चौकशीत ठरवता आले नाही. त्या दिवाणखान्यात मात्र फोन, कॅमेरे, दिवे यांच्या बॅटऱ्या भरायला लावलेल्या असत. पण एक गोष्ट पक्की ठरली. रात्रभर फिरता पहारा ठेवणे ही त्या बोटीच्या परवान्यातलीच अट होती, आणि त्या रात्री पहारा नव्हता. सगळे झोपले होते. २०२३ साली कप्तानाला दोषी ठरवण्यात आले आणि २०२४ साली चार वर्षांची शिक्षा झाली.

आता येथे एक मुद्दा आम्हाला आमच्या धंद्याच्या दृष्टीने मांडावासा वाटतो. पहारा नव्हता, हे म्हणणे सोपे आहे. पण दिवसभर टाक्या भरणाऱ्या, होड्या ओढणाऱ्या, माणसांना पाण्यात उतरवून वर घेणाऱ्या, भांडी घासणाऱ्या चार-पाच माणसांनी रात्रीही जागावे, हे शक्य तरी आहे काय? पहाऱ्यासाठी वेगळे माणूस लागते, आणि माणूस म्हटले की पगार आला. बोटीवर एक माणूस कमी असला तर त्याची जागा दिवसा कोणाला जाणवत नाही. जाणवते ती रात्री.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका बार्जवर असेच झाले. बाणकोटकडचा एक विशीतला पोरगा रात्रपाळीला जागत होता. बार्जच्या तळात साचणारे पाणी उपसणारा पंप बंद पडला, पोराचा डोळा लागला, आणि बार्ज कलंडली. एक वयस्कर खलाशी खाली झोपला होता, तो वर आलाच नाही. मालकाच्या चौकशीत एका ओळीत निकाल लागला : खलाशाची हलगर्जी. आम्ही हजेरीपट मागवला. तो पोरगा त्याच्या आधीचे एकोणीस तास कामावर होता. हजेरीपटावर त्याच मालकाच्या मुकादमाची सही होती. पुढे भरपाई मिळाली, पण त्या पोराने पुन्हा पाण्यावर पाऊल ठेवले नाही. हलगर्जी हा शब्द ऐकला की आम्ही आजही आधी हजेरीपट मागतो.

आंतरराष्ट्रीय नियम काही वेगळे सांगत नाहीत. खलाशाला चोवीस तासांत निदान १० तास आणि आठवड्यात निदान ७७ तास विश्रांती मिळाली पाहिजे, असे सागरी श्रम करारात लिहिले आहे. हा करार २००६ सालचा. भारताने तो २०१५ साली मान्य केला. म्हणून पहिल्या प्रश्नाला जोडून आम्ही उपप्रश्न घातला : रात्री जागणारा माणूस दिवसा झोपतो काय?

दुसरा प्रश्न : खालच्या खोलीतून बाहेर पडायला वाटा किती, आणि त्या कोठे निघतात?

'कन्सेप्शन'वर वाटा दोन होत्या. एक जिना आणि एक संकटकाळची झडप. पण दोन्ही वर निघत होत्या त्या एकाच दिवाणखान्यात, आणि आग तेथेच होती. धूर ओळखणारी यंत्रे झोपायच्या खोलीत होती, दिवाणखान्यात नव्हती. म्हणजे घराला दोन दारे आहेत असे सांगावे आणि दोन्ही दारे एकाच पेटलेल्या ओसरीवर उघडावीत, तसा हा प्रकार. कागदावर दोन आकडा बरोबर होता. तपासनिसांनी बोट पाहून पास केलेली होती. तेव्हा, मंडळी, वाटा मोजून भागत नाही. त्या वाटेने चालून पाहिले पाहिजे. बोटीवर चढल्यावर पहिल्याच संध्याकाळी, दिवे असताना एकदा आणि डोळे मिटून एकदा, आपल्या बिछान्यापासून उघड्या फळीपर्यंत चालत जावे. झडपेवर कोणी सामान ठेवले असेल तर ते तेव्हाच काढायला लावावे. लाज वाटण्याचे कारण नाही. आणि बॅटऱ्या रात्री भरायला लावून झोपू नये, हे तर प्रत्येकाच्या हातातले आहे.

तिसरा प्रश्न : ही बोट बांधली तेव्हा जेवढी उंच होती, तेवढीच आज आहे काय?

गवताची गाडी आपण सर्वांनी पाहिली आहे. खाली चाके तीच, बैल तेच. वर पेंढ्या चढवत जावे तशी ती डुलू लागते आणि वळणावर कलंडते. बोटीचे तसेच. प्रवाशांना मोकळी हवा हवी, उन्हात पडायला जागा हवी, गरम पाण्याचा हौद हवा. मग मजल्यावर मजला चढतो. वजन वर गेले की बोटीचा तोल जातो. एका बाजूने लाट आली, बोट कलली, आणि ती परत सरळ होण्याऐवजी तशीच पडून राहिली, की खिडक्यांतून पाणी आत येते. २५ नोव्हेंबर २०२४ च्या पहाटे मार्सा आलमजवळ 'सी स्टोरी' नावाची राहती बोट काही मिनिटांत उलटली. ती जुनी नव्हती. दोनच वर्षांपूर्वी बांधलेली होती. अकरा माणसे मेली वा बेपत्ता झाली. काही जण उलट्या झालेल्या बोटीत, अंधारात, दीड दिवस अडकून राहिले आणि मग वाचवले गेले. अधिकाऱ्यांनी मोठ्या लाटेचे कारण सांगितले. त्याच समुद्रात २०२३ च्या जूनमध्ये 'हरिकेन' नावाची बोट जळून तीन ब्रिटिश प्रवासी गेले होते. अखेर ब्रिटनच्या सागरी अपघात तपास शाखेने २०२५ साली तेथील राहत्या बोटी निवडताना खबरदारी घ्या, अशी सूचना काढली.

बोटीवर किती चढवायचे याला मर्यादा असावी, ही गोष्टसुद्धा भांडून मिळवावी लागली आहे. इंग्लंडात सॅम्युएल प्लिम्सॉल नावाच्या पार्लमेंटच्या सभासदाने खलाशांची बाजू घेऊन वर्षानुवर्षे आरडाओरड केली, तेव्हा कोठे १८७६ च्या कायद्याने बोटीच्या अंगावर भाररेषा काढणे भाग पडले. आजही मोठ्या जहाजांच्या कुशीवर ती वर्तुळातली रेघ आपण बघतो. ती रेघ मालकाच्या औदार्याने आलेली नाही. आणि आपण तरी दुसऱ्याला काय शिकवावे? १७ जुलै १९४७ रोजी 'रामदास' बोट मुंबईहून रेवसला जाताना कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. ही आठवण कोकणातल्या घराघरात आहे. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकली, तेव्हा प्रवासी बोटीवर परवान्यापेक्षा जास्त माणसे होती, ही बातमी आपण सर्वांनी वाचली आहे. सत्त्याहत्तर वर्षे मध्ये गेली, आणि माणसे मोजण्याची सवय आपल्याला अजून लागायची आहे.

येथे कोणी म्हणेल, "पण कायदे आहेत ना? आंतरराष्ट्रीय करार आहेत ना?" आहेत. 'टायटॅनिक' १९१२ साली बुडाली आणि त्यातून १९१४ साली समुद्रावरील जीवितरक्षणाचा पहिला करार झाला. पुढे तो अनेकदा सुधारला. परंतु तो लागू होतो मुख्यतः एका देशातून दुसऱ्या देशात जाणाऱ्या जहाजांना. राहती बोट ज्या बंदरातून निघते त्याच देशाच्या बंदरात परत येते. म्हणून तिच्यावर हुकमत चालते ती त्या देशाच्या कायद्याची आणि त्या बंदरातल्या तपासनिसाची. सागरी श्रम कराराचेही एक दार उघडे राहिले आहे. पारंपरिक बांधणीच्या नौका त्यातून वगळल्या आहेत. त्या सवलतीचा हेतू गरीब तारवेवाल्याला जाच होऊ नये, हा. पण जुन्या धाटणीचे लाकडी गलबत बांधून, त्यात वातानुकूलित खोल्या काढून ते पर्यटकांना भाड्याने देण्याचा धंदा आता इंडोनेशियासारख्या देशांत चालतो. गलबत गरिबाचे आणि भाडे श्रीमंताचे! तेव्हा कायदा आहे म्हणून निश्चिंत राहू नये, आणि कायदा नाही म्हणून सगळेच मालक लबाड आहेत, असेही समजू नये. चांगले मालक आहेत. ते ओळखावे कसे, एवढाच प्रश्न आहे.

त्यासाठी चौथा प्रश्न, आणि आमच्या मते हाच सर्वांत महत्त्वाचा : हवामान वाईट आहे म्हणून तुम्ही अलीकडे बुडी कधी रद्द केली?

या बोटींवर शेवटच्या दिवशी प्रवाशांनी कर्मचाऱ्यांना बक्षिशी द्यायची रीत आहे. पुष्कळ ठिकाणी खलाशाची खरी कमाई तीच असते. आता विचार करा. ज्याचे पोट प्रवाशाच्या खुशीवर अवलंबून आहे, तो प्रवाशाला 'नाही' कसा म्हणेल? प्रवासी आठवड्याचे पैसे मोजून, विमानाने लांबून आलेला. त्याला शार्क बघायचाच आहे. वारा वाढला आहे, प्रवाह ओढतो आहे, हे होडीवरच्या तांडेलाला कळते. पण त्याच्या तोंडून शब्द निघत नाही. कामगाराचा 'नाही' म्हणण्याचा हक्क हा नुसता कामगाराचा हक्क नसतो. त्या 'नाही'वर प्रवाशाचाही जीव टांगलेला असतो. आम्ही ही गोष्ट कारखान्यांच्या फाटकांवर शेकडो वेळा सांगितली, पण ती सुट्टीवर निघालेल्या माणसाला सांगण्याची वेळ येईल, असे वाटले नव्हते. ज्या बोटीचा माणूस सांगतो की, "गेल्या मोसमात दोनदा आम्ही ब्रदर्सला न जाता मागे फिरलो, लोक नाराज झाले," त्या बोटीवर खुशाल जावे. "आमच्याकडे कधीच काही रद्द होत नाही," असे जो फुशारकीने सांगतो, त्याला दुरून नमस्कार करावा.

पाचवा प्रश्न हवेचा. पाण्याखाली दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. तीस मीटरवर तो पृष्ठभागाच्या चौपट होतो. त्या दाबाखाली हवेतला नायट्रोजन रक्तामांसात मुरतो, आणि माणूस झपाट्याने वर आला तर सोडावॉटरची बाटली उघडल्यासारखे त्याचे बुडबुडे होतात. सांधे दुखण्यापासून पक्षाघातापर्यंत काहीही होऊ शकते. दिवसाला चार बुड्या सहा दिवस मारल्या की नायट्रोजनची बाकी साचत जाते. म्हणूनच शेवटच्या बुडीनंतर निदान १८ तास विमानात बसू नये, असा दंडक आहे. परतीचे तिकीट काढतानाच तो पाळावा. बोटीवर शुद्ध प्राणवायूच्या नळकांड्या किती आहेत, त्या एका माणसाला किती तास पुरतील, आणि दाबाच्या कोठडीचे इस्पितळ तेथून किती तासांवर आहे, हे विचारावे. इजिप्तमध्ये हुरघाडा आणि शर्म अल शेख येथे अशा कोठड्या आहेत; परंतु साठ किलोमीटर समुद्र तोडून तेथे पोचायचे आहे, हे विसरू नये. दुसरे असे की, टाकीतली हवा बोटीवरच्या यंत्राने भरतात. त्या यंत्राचे तोंड इंजिनाच्या धुराजवळ असेल, तर कार्बन मोनॉक्साइड टाकीत जातो. त्याला वास नाही, रंग नाही. खोल पाण्यात तो माणसाला गुपचूप झोपवतो. ज्या माणसाने भरलेली हवा आपण श्वासात घेणार, त्याला भेटावे, यंत्राची गाळणी शेवटची कधी बदलली ते विचारावे आणि नोंदवही बघावी. नोंदवही ठेवणाऱ्या माणसाला ती कोणी तरी बघतो याचा आनंदच होतो. हा आमचा अनुभव आहे.

सहावा प्रश्न साधा आहे : वर आलेली माणसे तुम्ही कशी मोजता? १९९८ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर एका दिवसाच्या सहलीची बोट एका जोडप्याला समुद्रातच विसरून किनाऱ्याला परतली. माणसे मोजण्यात चूक झाली होती. दोन दिवसांनी बोटीवर राहिलेली त्यांची पिशवी पाहिल्यावर ही गोष्ट ध्यानात आली. ते दोघे सापडले नाहीत. डोकी मोजण्यात चूक होते. नाव पुकारून, ज्याचे त्याने उत्तर दिल्यावरच खूण करावी. आपल्या शाळेतल्या मास्तरांची पद्धत यापेक्षा चांगली नाही आणि वाईटही नाही.

एवढे प्रश्न झाले. आता न्यायाने दुसरी बाजू सांगितली पाहिजे. बोटीला विचारावे तसे स्वतःलाही विचारावे. ब्रदर्स किंवा डीडॅलससारख्या जागी निदान ५० बुड्यांचा अनुभव मागतात, तो उगाच नव्हे. खोटा आकडा लिहून जाणारा प्रवासी फक्त आपलाच जीव धोक्यात घालत नाही. त्याला शोधायला जो मार्गदर्शक प्रवाहात उतरतो, त्याच्याही घरी मुलेबाळे असतात.

आमच्या मित्राच्या मुलीने हे सहाही प्रश्न तिन्ही बोटींना पाठवले. एकाने उत्तरच दिले नाही. दुसऱ्याने कळवले की, आमची बोट पंचतारांकित आहे, आपण काळजी करू नये. आणि सोबत चादरींची आणखी छायाचित्रे पाठवली. याच बोटीला तिने इसारा भरून ठेवलेला होता. तिसऱ्याने मोडक्यातोडक्या इंग्रजीत लांबलचक उत्तर दिले. रात्री दोन माणसे आळीपाळीने जागतात, एकाचे नाव असे, दुसऱ्याचे असे. खालच्या खोल्यांची झडप नाळेकडच्या उघड्या फळीवर निघते. गेल्या हिवाळ्यात एक फेरी अर्धी सोडावी लागली, लोकांनी पैसे परत मागितले, काही पैसे दिले. ही तिसरी बोट सर्वांत महाग नव्हती, पण स्वस्तही नव्हती. तिच्या वडिलांनी मला विचारले, "इसारा बुडणार, वर जास्त पैसे. तू सांगतोस म्हणून द्यायचे का?" आम्ही म्हटले, "जास्तीचे पैसे कशाचे आहेत ते बघ. रात्री जागणाऱ्या माणसाचा तो पगार आहे. संपाच्या वेळी आपण मालकाकडे हेच मागत होतो ना? आता गिऱ्हाईक तू आहेस." तो हसला, आणि इसाऱ्यावर पाणी सोडले.

आम्ही मात्र ती आठवडाभर समुद्रावर असताना नीट झोपलो नाही, हे आपल्यापाशी कबूल करतो. प्रश्न विचारले म्हणजे समुद्र बांधला गेला, असे थोडेच आहे? कागदावरची उत्तरे खरी कशावरून? 'कन्सेप्शन'चेही कागद चांगले होते. म्हणून जाताना आम्ही तिला एवढेच सांगितले होते, "पहिल्या रात्री गजर लावून उठ आणि वर जाऊन बघ. कोणी जागे नसेल, तर प्रवाशांनी आपसांत पाळ्या लावून जागा. त्यात कमीपणा नाही."

ती परत आली, तेव्हा पेढे घेऊन आली. कासवे पाहिली, अबू नुहासचा तो सांगाडा पाहिला, १९४१ साली बुडालेल्या 'थिसलगॉर्म'च्या पोटातल्या मोटारसायकली पाहिल्या. पुष्कळ सांगत होती. आम्ही म्हटले, "ते राहू दे. पहिल्या रात्री काय झाले?"

ती म्हणाली, "काका, अडीच वाजता वर गेले. अंधार होता. वाटले, कोणीच नाही. मग खालच्या जिन्यातून बॅटरीचा उजेड वर आला. एक म्हातारासा माणूस इंजिनाच्या खोलीतून येत होता. मला बघून घाबरला. त्याला वाटले, माझी तब्येत बिघडली. मी खुणेने सांगितले, काही नाही, झोप येत नाही. मग त्याने चहा करून दिला. आणि त्याच्याजवळ एक वही होती, काका. दर अर्ध्या तासाला तो तिच्यात वेळ लिहीत होता. मी दोन वाजताची ओळ बघितली, दीडची बघितली. सगळ्या होत्या. मग खाली जाऊन झोपले."

मंडळी, आपल्यापैकी कितीजण तांबड्या समुद्रावर जातील, हे आम्हाला ठाऊक नाही. पण आगगाडीने, रातराणीने, लाँचने आपण सगळेच जातो, आणि झोपतो. आपण झोपतो तेव्हा कोणी तरी जागे असते. त्याला पुरेशी झोप मिळाली आहे की नाही, हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे, आणि त्याचा पगार देण्याची आपली तयारीही हवी.